घास

लालबागला आमची दहा बाय बाराची खोली होती. चाळीचा तिसरा मजला, पुढे गॅलरी, टोकाला संडास. खोलीत आम्ही सात माणसं, आणि आठवा उंदीर. आई त्याला पिंजरा लावायची. आकड्याला नुसतं खोबरं अडकवून भागत नाही, ते विस्तवावर जरा भाजावं लागतं, मग वास सुटतो. पहिल्या रात्री आई आकडा ताणायचीच नाही. झाप मोकळी ठेवायची आणि खोबरं खाऊ द्यायची. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाली, "त्याला जरा भरवसा वाटू दे." दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रात्री खट्ट आवाज व्हायचा. सकाळी पिंजरा बादलीत बुडवायचं काम माझ्याकडे होतं. ते करताना मला कधी काही वाटलं नाही. उंदीरच तो.

हाच शब्द मला पुन्हा भेटला तो पोलादपूरच्या डोंगरात, १९८२ च्या वैशाखात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उभे राहिले. वडील साचेखात्यात होते आणि मी दहावी होऊन बदलीवर लागलो होतो. दोघांचेही पगार एकाच दिवशी थांबले. मार्चपर्यंत आईच्या पाटल्या गेल्या, एप्रिलात खोलीला कुलूप लावून आम्ही गावी आलो. सावित्रीच्या खोऱ्यात, महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला आमची वाडी. गावाकडे काय होतं? बियाण्यापुरता भात, थोडी नाचणी आणि झाडावर फणस.

थोरल्या चुलत्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतराखणीच्या परवान्याची. वन्यजीवांचा कायदा १९७२ सालीच झाला होता, पण तो आमच्या वाडीपर्यंत चढून यायचा होता. शिकारीला वेगळी परवानगी लागते हे आम्ही कुणाला विचारलंही नाही. आमच्याबरोबर कातकरवाडीतला एक म्हातारा असायचा. सगळी वाडी त्याला मामा म्हणायची. मामाकडे तीरकमठा. बंदुकीला जनावर लांब असलं तरी चालतं, पण तिराला ते दहा-पंधरा पावलांत यावं लागतं. रानडुकराची नजर अधू, पण नाक भारी तिखट. इतक्या जवळ ते आपण होऊन येत नाही. त्याला आणावं लागतं.

आणायचं म्हणजे खायला घालायचं. आमिष हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता. आबा 'घास' म्हणायचे. "आज घास टाकलास का रं?" असं रोज संध्याकाळी विचारायचे. वाडीच्या वर, रानाच्या कडेला मोकळी जागा होती. तिथे मी आणि धाकटा भाऊ बरके फणस खांद्यावरून नेऊन फोडून टाकायचो. पहिल्या तीन रात्री कोणी आलं नाही. चौथ्या सकाळी माती उकरलेली दिसली, खुरं उठलेली, आणि चारखंडाशिवाय काही शिल्लक नाही. मी धावत येऊन सांगितलं. वाटलं, आज बसायचं. आबा म्हणाले, "आज न्हाय. अजून दोन-चार दिस खाऊ दे. भरवसा बसू दे."

मला पिंजरा आठवला.

आणखी पाच संध्याकाळी मी घास टाकला. खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत मला त्याचा लळाच लागला. सकाळी उठून पहिलं काम काय, तर रात्री येऊन गेला का ते बघायचं. चांगले पिकलेले, गोड वासाचे फणस मी बाजूला काढून ठेवायला लागलो. घरात खाणारी तोंडं कमी नव्हती, तरी.

मग एका रात्री बसलो. शेजारच्या आंब्यावर माळा बांधला होता. वर आबा, वडील आणि मी, मामा खालच्या फांदीवर. भावाला वडिलांनी घरी ठेवलं. चांदणं होतं. वारा खालून वर येत होता, म्हणजे आमचा वास त्या जागेकडे जात नव्हता. बोलायचं नाही, बिडी नाही, खोकायचं नाही. रात्र चढली तेव्हा वडील अगदी कानाशी येऊन म्हणाले, "आपल्यालाबी असाच भरवसा बसला की रं. म्हैन्याच्या म्हैन्याला पगार." बस्स, एवढंच. ते सोळाव्या वर्षी मुंबईला गेले होते. त्यांचं ते बोलणं तेव्हा मी कानाआड केलं.

आधी एक मादी आली. मागे पाच पिल्लं, अंगावर पट्टे असलेली. एवढी जवळ की फणसाचे गरे चघळल्याचा आवाज ऐकू येत होता. आबांनी आमच्याकडे बघून बोट हलवलं, नाही. मामाचा हात तर हललाच नाही. ती पोटभर खाऊन, पिल्लांना घेऊन निघून गेली. पुष्कळ वेळाने नर आला. एकटा, सुळेवाला. तो थबकला नाही की हुंगला नाही, सरळ येऊन फणसात तोंड घातलं. त्याला माहीतच होतं की इथे खायला असतं. ते त्याला मी शिकवलं होतं.

मामाचा तीर बरगडीत लागला. डुक्कर ओरडलं आणि रानात घुसलं. आबांचा बार त्याच्या मागून गेला, तो लागला नाही. मी लगेच उतरायला लागलो तर मामाने पाय धरला. जखमी डुकराच्या मागे रात्री कोणी जात नाही. पण उजाडताच मामा निघाला आणि आम्हालाही निघायला लावलं. "आपला तीर हाय त्याच्यात," म्हणाला. पानावर थेंब, पुढे दगडावर थेंब, पुढे करवंदीच्या जाळीला लागलेलं रक्त. दोन-अडीच तास आम्ही माग काढत होतो. ओहोळाशी ते पडलेलं सापडलं. अजून जीव होता. मामाने कोयत्याने संपवलं. मी समोर उभा होतो. त्याच्या ओठाला फणसाचा चीक लागून पाला चिकटला होता आणि दातांत एक आठळी अडकली होती.

मांसाचे वाटे झाले. जो तीर मारेल त्याचा वाटा मोठा, बाकी घरटी सारखे. म्हातारी एकटी राहायची तिलाही वाटा. त्या दिवशी वाडीत कुणाच्या घरी नुसतं पेज-मीठ नव्हतं. मी जेवलो. पोटभर जेवलो. आठळी आठवली म्हणून हात आखडला, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

ही गोष्ट मी चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं तीत काही आहे असं वाटलं नव्हतं. २०२५ च्या दिवाळीत परळला मुलाकडे गेलो होतो. नातवाला घेऊन दादरला बाजाराला गेलो, तर कबुतरखाना बंद. ऑगस्टात महापालिकेने तिथे ताडपत्री घातली होती, कबुतरांच्या विष्ठेने माणसांच्या छातीला आजार होतात म्हणून. नातवाने विचारलं, "खायला घालणं वाईट असतं का, आजोबा?" मी म्हटलं, नाही रे, खायला घालणं पुण्याचंच. आणि बोलता बोलता डुकराची गोष्ट सांगून बसलो. तो सातवीत आहे. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पण तो तर तुमच्या हातचं खायला आला होता ना?"

त्याला तिथे उत्तर देता आलं नाही. ते शोधायला हे लिहितो आहे.

पहिलं मनात येतं ते असं की आपण कोंबडी पाळतो, तिला दाणे घालतो आणि पाहुणा आला की कापतो. मग डुकरात वेगळं काय? पण वेगळं आहे. कोंबडीला कोल्ह्यापासून, घारीपासून आपण राखतो, रात्री डालग्याखाली झाकतो. तिचा आपल्यावर भार असतो. डुकराचा माझ्यावर काही भार नव्हता. ते आपलं आपण जगत होतं. मी आठ-नऊ दिवस घास टाकून त्याची भीती काढून घेतली, आणि भीती हीच तर त्याची ढाल होती.

आबा असते तर म्हणाले असते, "घास नसता तर ती पिल्लांची आय मेली असती." हेही खोटं नाही. अंधारात झुडूप हललं की बार काढणारे लोक मी पाहिलेत. घासावर आलेलं जनावर नीट दिसतं. नर की मादी, लेकुरवाळी की एकटी, सगळं कळतं. सोडायचं तर सोडता येतं. माझा एक पुतण्या अमेरिकेत असतो. तो सांगतो की तिकडे काळी अस्वलं अशीच मारतात. पिंपात गोड पाव, डोनट भरून रानात ठेवतात आणि बाप-लेक झाडावर धनुष्य घेऊन बसतात. तिकडेही हाच वाद आहे. कोलोरॅडो राज्यात १९९२ साली लोकांनी मतदान करून ही पद्धत बंद केली. मेन राज्यात २००४ आणि पुन्हा २०१४ साली मतदान झालं, तिथे लोकांनी बंदी नाकारली. म्हणजे पैसेवाल्या, शिकलेल्या देशालाही याचं एकच उत्तर सापडलेलं नाही.

आपल्या गिरगावातलीच एक गोष्ट एका दिवाळी अंकात वाचली होती. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली लहानपणी खेतवाडीत राहायचे. दहा वर्षांचे असतील, छऱ्याची बंदूक हातात. घराच्या तबेल्यात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर. यांनी गाडीच्या आड दडून नर मारला. थोड्या वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही मारला. सात दिवसांत आठ नर. त्याची त्यांनी वहीत नोंद केली, ती पक्ष्यांच्या अभ्यासासाठी नव्हे, आपल्या शिकारीची बढाई म्हणून. पुढे जगाला ती नोंद अभ्यासाची वाटली. मला त्यात आवडलं ते हे की मोठेपणी त्यांनी ती नोंद लपवली नाही. मी केलं, असं केलं, असं लिहून ठेवलं.

आता माझं उत्तर कुठे बदललं ते सांगतो. संप कधी मिटला ते आम्हाला कळलंच नाही. वडिलांना परत बोलावणं आलं नाही आणि मी गावीच शेतीला लागलो. माझ्याकडे एक कुत्रा होता, मोती. सहा वर्षांपूर्वी तो सकाळी बांधावरून घरी आला तेव्हा त्याला खालचा जबडा नव्हता. डुकरांसाठी कुणीतरी गावठी बॉम्ब ठेवला होता, खाण्याच्या गोळ्यात दारू भरून. मोती दुपारपर्यंत होता. पुढच्याच वर्षी, २०२० च्या मे महिन्यात, केरळात अशाच स्फोटकाने तोंड फाटलेली गाभण हत्तीण नदीत उभी राहून मेली. तिचा फोटो सगळ्यांनी पाहिला. मोतीचा फोटो कोणी काढला नाही.

ज्याने तो गोळा ठेवला तो रात्री घरी झोपला होता. काय येईल, कोण खाईल, किती वेळ तडफडेल, हे त्याला बघायचं नव्हतं. मामा रात्रभर फांदीवर बसला होता. लेकुरवाळी सोडली. तीर लागल्यावर रक्ताचा माग काढत गेला, कारण त्याच्यात आपला तीर होता. दोघांनीही घासच टाकला, पण एकाने टाकला आणि तो निघून गेला.

मग मामा आणि मी निर्दोष? तसंही नाही. आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. हे आपण नेहमी खाणाऱ्याला सांगतो. कुत्र्याला सांगतो, गड्याला सांगतो, कामगाराला सांगतो. मीठ घालणाऱ्यानेही त्याला जागायचं असतं, हे कोणी सांगत नाही. वडील माळ्यावर तेच म्हणाले होते, ते मला साठीत समजलं. भूक होती म्हणून त्या वर्षी आम्ही मारलं, त्याची मला लाज नाही. पण त्याच्या भरवशावर मारलं, हे देणं माझ्याकडे राहिलं आहे. पोटासाठी केलं तरी देणं ते देणंच.

आज डुकरं तेव्हापेक्षा जास्त त्रास देतात. रताळी लावणं मी सोडलं, नाचणी अर्ध्यावर आली. पंचनामा, अर्ज, भरपाई, सगळं करतो. जास्तच झालं तर रीतसर परवानगी काढून मारावं, या मताचा मी आहे, आणि डुकराला देव मानणाऱ्यांतला मी नाही. पण शेतात घास ठेवून घरी जाऊन झोपणं माझ्या बांधावर होणार नाही, एवढं मी वाडीत सांगून ठेवलं आहे. काही जण हसतात. म्हणतात, मुंबईचं पाणी अजून उतरलं नाही.

नातवाला मे महिन्यात गावी बोलावलं आहे. ती जागा दाखवीन. फणस आहे अजून, माळ्याचा आंबा मात्र पडला. त्याला सांगेन, होय बाळा, तो माझ्या हातचं खायला आला होता.