सतरा दिवसांची मुदत

कैद्याला कोर्टाची पायरी स्वतःच्या पायांनी चढता येत नाही. त्याचा कागद चढतो, आणि तोही तुरुंगवाल्यांच्या हातून. म्हणून अमेरिकेतल्या फेडरल अपिली न्यायालयांचे कैद्यांबाबतचे निकाल वाचायला घेतले, की माझी नजर आधी तारखांवर जाते. गुन्हा, पुरावा हे सगळं नंतरचं. कित्येकांचं प्रकरण तिथवर पोचतच नाही.

१९८६ साली टेनेसीतल्या एका कैद्याने अपिलाची नोटीस निकालानंतर २७व्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यांकडे दिली. मुदत ३० दिवसांची. कोर्टाच्या कचेरीचा शिक्का पडला ३१व्या दिवशी. सिनसिनाटीच्या ‘सहाव्या सर्किट’च्या अपिली न्यायालयाने अपील फेटाळलं. ‘ह्यूस्टन विरुद्ध लॅक’ या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते फिरवलं: कागद तुरुंगाच्या ताब्यात दिला, की तो दाखल झाला. बाहेरचा माणूस कचेरीत जाऊन समोर शिक्का मारून घेईल, आतल्याने काय करायचं? हे त्या पाच जणांना दिसलं.

दुसरं प्रकरण मात्र माझ्या मनातून जात नाही. ओहायोत खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची अपिलाची मुदत जिल्हा न्यायाधीशाने १० फेब्रुवारी २००४ रोजी पुन्हा खुली केली आणि आदेशातच तारीख घातली: २७ फेब्रुवारी. कैद्याने २६ला नोटीस दाखल केली. पण कायद्यात १४च दिवस होते. न्यायाधीशाने चुकून १७ दिले होते. पुन्हा तेच सहावं सर्किट, पुन्हा अपील बाद. २००७ साली ‘बोल्स विरुद्ध रसेल’मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ५ विरुद्ध ४ मतांनी तेच कायम केलं. मुदत अमेरिकी काँग्रेसच्या कायद्यातली आहे, तिला अपवाद करायचा अधिकार न्यायालयाला नाही, असं न्या. थॉमस यांनी लिहिलं. माणसांना असं वागवणं न्यायव्यवस्थेला शोभत नाही, असं न्या. सूटर यांनी विरोधी मतात बजावलं.

मुदत हवीच. ज्यांचं माणूस मारलं गेलं, त्यांच्यासाठीही खटला कधीतरी संपला पाहिजे. पण इथे दयेचा प्रश्नच नव्हता. सही न्यायाधीशाची, चूक न्यायाधीशाची आणि भुर्दंड त्याला, जो कोठडीत बसून त्या सहीवर विसंबला! कायद्याशी प्रामाणिक राहणं म्हणजे हेच असेल, तर कोर्टाचा आदेश हातात घेऊन माणसाने भरवसा कशावर ठेवायचा?

तो दोषी असेलही. अपिलात त्याचं म्हणणं काय होतं, हे मात्र सहाव्या सर्किटने तपासलंच नाही.