सोंडे लागलेला गहू

रोजगार हमीच्या कामावर मी दोन उन्हाळे माती फेकली. दहावी झालो होतो, नोकरी नव्हती, आणि रोवण्याला अजून अवकाश होता. तलावाच्या पाळीचं काम होतं. मजुरीचा काही भाग पैशात, काही धान्याच्या कुपनावर. एका हप्त्याला जो गहू आला त्याला जाळं धरलेलं. मूठ उघडली की सोंडे हातावर चालायचे. बायका कुजबुजल्या. माझ्या सोबतचा एक गडी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पुढं झाला आणि पोतं उपडं करून म्हणाला, "हे ढोरं तरी खातील का जी?" मुकादम हसला. म्हणाला, "ऊन दाखवा, चाळा, दळा. काही होत नाही." मग आमच्याकडं वळून विचारलं, "कोणाले पाहिजे नसल तर त्यानं बाजूले व्हावं."

कोणी बाजूला झालं नाही. मीही नाही. तो एकटाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी हजेरीत त्याचं नाव नव्हतं. आम्ही गहू चाळला, दळला, खाल्ला. खरंच काही झालं नाही.

ही गोष्ट मी विसरलो असतो. पण तीन-चार वर्षांनी चांद्याला मामेभावाकडं गेलो होतो. तो कॉलेजात शिकायचा. त्यांच्या एका मास्तरानं कुठून तरी रशियन सिनेमाची रिळं आणली होती. 'बॅटलशिप पोटेमकिन'. मुका सिनेमा. आवाज फक्त मशीनच्या खडखडीचा. मधे मधे इंग्रजी पाट्या यायच्या, त्या भाऊ कानात सांगायचा. पण खरं सांगतो, पाट्यांची गरज पडली नाही. पहिल्याच भागात जहाजावरच्या खलाशांसाठी मांस टांगलेलं, त्यावर अळ्या वळवळताहेत. डॉक्टर येतो, चष्म्याची घडी करून भिंगासारखी धरतो, बघतो, आणि सांगतो, धुऊन घ्या, चांगलं आहे.

मी खुर्चीवर ताठ झालो. हा तर आमचा मुकादम!

पुढं तर जास्तच. कप्तान साऱ्यांना वर बोलावतो आणि म्हणतो, ज्यांना जेवण पटलं त्यांनी पुढं या. जे अडतात त्यांच्यावर ताडपत्री टाकतात आणि बंदूकवाल्यांना गोळी घालायचा हुकूम होतो. ताडपत्री हलते आहे, आत माणसं आहेत, तोंडं दिसत नाहीत. तेवढ्यात एक खलाशी ओरडतो, भावांनो, कोणावर गोळ्या झाडता? आणि बंदुका खाली होतात.

सर्गेई आयझेनस्टाईननं हा सिनेमा १९२५ साली केला, १९०५ च्या बंडावर. इंग्लंडात तो १९५४ पर्यंत दाखवू दिला नाही. न बोलणाऱ्या चित्राची एवढी धास्ती! लोक त्यातल्या पायऱ्यांची आठवण काढतात. ओडेसा शहराच्या लांबलचक पायऱ्या, वरून शिपायांची रांग उतरते, खाली माणसं पळतात, मेलेलं लेकरू उचलून एक माय उलट वर चढते, एक बाबागाडी गडगडत जाते. मलाही ते विसरता येत नाही. पण माझं मन अडकलं ते ताडपत्रीपाशी. कारण त्या चित्रात मी कुठं आहे ते मला माहीत होतं. मी ताडपत्रीखाली नव्हतो. बंदूकवालाही नव्हतो. बाजूला उभे राहून बघणारे जे होते, त्यातला होतो.

त्याच १९२५ साली आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. तोही मुका. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवर. व्ही. शांताराम त्यात तरुण शेतकरी झाले होते. सावकाराच्या कागदात शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणीत मजूर होतो. तिथं कोणी बंड करत नाही. त्या मुक्या सिनेमाची रिळं आज उरलेली नाहीत. मला कधी कधी वाटतं, माझी गोष्ट त्या सिनेमातली, पण माझी हौस दुसऱ्या सिनेमाची.

आणि हौस म्हणतो ती का, तेही सांगतो. त्या डॉक्टराला खलाशी उचलून समुद्रात फेकतात. त्याचा चष्मा दोरीला लटकत राहतो. सारा हॉल टाळ्या वाजवू लागला. मीही वाजवल्या, जोरात. मुकादमाच्याच नावानं वाजवल्या म्हणा ना. रात्री झोप आली नाही. अळ्यांना अळ्या म्हटलं नाही म्हणून माणूस बुडवायचा? मुकादम तर त्या गव्हाचा मालकही नव्हता. त्याला पोतं आलं तसं त्यानं वाटलं.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ ला लोकांनी मोर्चा काढला, पोलिसांची गोळी चालली, बालाजी रायपूरकर पडला. मग चवताळलेल्या जमावानं सरकारी अधिकाऱ्यांना मारलं. मग गोरी पलटण आली आणि बायाबापड्यांवर जे झालं त्याच्या चौकशीसाठी भन्साळींना ६३ दिवस उपास करावा लागला. आपण दर वर्षी हुतात्म्यांना हार घालतो. घालायलाच पाहिजे. मेलेल्या अधिकाऱ्यांच्या बायका-लेकरांचं मात्र भाषणात येत नाही. पुढं गडचिरोलीच्या जंगलात दुसरे बंदूकवाले आले. तेंदूपत्त्याचा भाव वाढवून देऊ म्हणाले, आणि भाव वाढलाही, हे नाकारून चालणार नाही. नंतर खबऱ्या म्हणून गावातलाच माणूस रात्री उठवून नेऊ लागले. सकाळी रस्त्यावर प्रेत आणि चिठ्ठी. मारणारा गोंड, मरणारा गोंड, आणि शोधायला येणारा पोलीसही कितीदा गोंडच. भावांनो कोणावर गोळ्या झाडता, हे तिथं कोणी कोणाला ओरडून सांगायचं?

सिनेमा हुशार आहे, चांगल्या जागी थांबतो. शेवटी साऱ्या आरमाराची जहाजं समोर येतात, तोफा रोखलेल्या, आणि कोणी गोळा टाकत नाही. भाऊ भावाला वाट देतो. हे खरं घडलं होतं. पण पुढं पोटेमकिन रुमानियाच्या बंदरात जाऊन शरण गेलं, ते सिनेमात नाही. ओडेसात माणसं मारली गेली, पण पायऱ्यांवरची ती कत्तल दिग्दर्शकानं रचली. म्हणून मी त्याला खोटा म्हणत नाही. दंडारीत रावण येतो तेव्हा तो खरा रावण नसतो, तरी लेकरं मायच्या पदरात शिरतात.

मागच्या हिवाळ्यात लेकीचा पोरगा सुट्टीत आला होता. पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतो. त्याच्या मोबाईलवर मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. तो आधी हसत होता, "आबाजी, हे काय जुनाट बघता?" पायऱ्यांवरच्या शिपायांची रांग आली तेव्हा गप्प झाला. त्या शिपायांची तोंडं दिसत नाहीत. बूट दिसतात, बंदुका दिसतात. संपल्यावर त्यानं विचारलं, "आबाजी, मले असा हुकूम झाला तर मी काय करू?"

त्याच्या घरी दोन एकर धान आहे, तेही बिनपाण्याचं. बहिणीचं लग्न व्हायचं आहे. नोकरी लागली तर घर उभं राहील, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. बंदूक खाली कर बाप्पा, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी तर गव्हाचं पोतंही खाली ठेवलं नव्हतं. मग मी त्याला त्या गड्याची गोष्ट सांगितली. तो आता नाही, दहाएक वर्षं झाली असतील. कामावरून काढल्यावर तो बल्लारपूरकडं मजुरीला गेला, मग परत आला, दुसऱ्याच्या बांधीत राबला. आमचं पुढं बोलणं होतं, पण त्या गव्हाचं त्यानं कधी काढलं नाही, आणि मीही नाही.

"त्याच्या बाजूनं दोघं-चौघं उभे राहिले असते तर?" पोरगा म्हणाला.

"तर साऱ्यांचीच हजेरी कापली असती," मी म्हणालो. मग थोड्या वेळानं म्हणालो, "किंवा गहू बदलून आला असता."

तो काही बोलला नाही. मोबाईल चार्जिंगला लावला, चारचा गजर लावला आणि झोपला. गजर झाला तेव्हा मी जागाच होतो. त्यानं अंधारात बूट बांधले, कवाड ओढून घेतलं आणि धावत निघाला.