सॅम नावाचा माळी

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही महाकादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. तिच्यात राजे आहेत, जादूगार आहेत, तलवारी आहेत. पण खरा नायक कोण, असं विचाराल तर मी सॅमचंच नाव घेईन. सॅम गॅमजी, फ्रोडोच्या घरचा माळी.

एक घातकी अंगठी अग्निपर्वतात टाकून नष्ट करायचं काम फ्रोडोचं. वाटेत फ्रोडो गेला असं समजून सॅम ती स्वतःच्या गळ्यात घालतो. अंगठी त्याला भुलवते: तू महावीर होशील, या उजाड मुलखाची बाग करशील! सॅमला मात्र आपल्या हातांना झेपेल एवढाच वाफा पुरेसा वाटतो. फ्रोडो जिवंत सापडतो, आणि जिच्यापायी भलेभले बुडाले ती अंगठी हा माळी परत करतो. शेवटच्या चढावर फ्रोडोचे पाय गळतात, तेव्हा सॅम त्यालाच पाठीवर घेतो.

टॉल्किन १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते. तिथल्या साध्या शिपायांवरून सॅम घडला, असं ते सांगत. त्या शिपायांना ते स्वतःपेक्षा श्रेष्ठ मानत.

कादंबरीच्या शेवटी, मोहीम संपवून सॅम गावी परततो, तेव्हा तिथली झाडं तोडलेली असतात. गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीनं भेट दिलेली डबीभर माती तो एकट्याच्या बागेत घालत नाही. गावोगाव नवी रोपं लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण ठेवतो.