चित्राखाली गावाचं नाव लिहावं का?

प्रदर्शनाला अठरा दिवस उरलेत. स्टुडिओत, म्हणजे आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत, दिवसभर हेअर ड्रायर चालू असतो. पावसाळी हवेत जलरंगाचा वॉश वाळता वाळत नाही, आणि दमट कागद तसाच ठेवून दिला की त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. बावीस चित्रं झालीत, दोन अर्धवट आहेत, फ्रेमवाला रोज फोन करतोय. पण मी अडलेय ती एका एक्सेल शीटवर. गॅलरीनं पाठवलेल्या यादीत प्रत्येक चित्रापुढे चार रकाने आहेत : शीर्षक, माध्यम, आकार, स्थळ. पहिले तीन भरून झाले. चौथा रिकामा आहे.

तीन वर्षांपूर्वी मी तो बिनदिक्कत भरला होता. सातारा जिल्ह्यातल्या एका सड्यावर मी सलग दोन पावसाळे चित्रं काढली होती. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात तिथं नुसता कातळ दिसतो. पाऊस पडला की त्या कातळावरच्या जेमतेम मातीत तेरडा, सीतेची आसवं, गेंद, सोनकी फुलतात आणि पाऊस सरला की त्यांचा खेळ संपतो. मी चित्रांखाली गावाचं नाव लिहिलं. इन्स्टावर टाकताना लोकेशनही जोडलं. लोकांना आवडलं, दोन चित्रं विकली गेली.

पुढच्या सप्टेंबरात गेले, तर माझ्या नेहमीच्या बसायच्या जागेपासून दहा पावलांवर गाडीच्या टायरचे दोन पट्टे होते. त्यात चेपलेली सोनकी होती आणि वेफर्सचं रिकामं पाकीट. यातली बहुतेक झाडं एका पावसाळ्याचीच. बी धरण्याआधी चिरडली गेली, तर पुढच्या वर्षासाठी मागे काही ठेवत नाहीत.

ती गाडी माझ्यामुळेच आली, हे सिद्ध करता येणार नाही. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय, की आता त्याचाच संशय येतो.

मग नाव लपवावं? इतकं सोपं नाही. कास पठाराचंच बघा. 2012 मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कासही आहे. तिथं गर्दी उसळली हे खरं. पण नाव झालं म्हणूनच प्रवेश शुल्क आलं, ऑनलाइन बुकिंग आलं, लक्ष ठेवायला आसपासच्या गावांतली माणसं उभी राहिली. उद्या एखाद्या अनामिक सड्यावर जेसीबी चढला, तर त्याच्यासाठी बोलणार कोण? ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही, ते गेल्याचं दुःख तरी कुणाला होईल?

दुसरी अडचण माझीच आहे. मला तो सडा कुणीतरी दाखवलाच ना? मी पोचले आणि आता माझ्यामागून दार लावून घेतेय, हा कुठला न्याय? कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतींची नेमकी जागा अभ्यासकही अनेकदा जाहीर करत नाहीत. पण ते ती चित्रात घालून विकत नाहीत. मी विकते.

शेवटी, सडा ज्यांनी दाखवला त्या मामांनाच विचारलं. त्यांची गुरं तिथं चरतात. ते म्हणाले, “ताई, गाड्या वर आल्या की जनावरं बुजत्यात. नगा लिहू.” शेजारी बसलेला त्यांचा मुलगा लगेच म्हणाला, “लिहा ताई. लोक आले तर मी चहा-भज्यांची टपरी टाकीन. इथं दुसरं काय आहे?” दोघं माझ्यासमोरच भांडायला लागले. मला उत्तर हवं होतं, मिळालं ते घरातलं भांडण.

परतीच्या एसटीत ते भांडणच डोक्यात फिरत होतं. बापलेकाचं एकमत नव्हतं. पण जे होईल ते दोघांनाही तिथं राहून भोगायचं होतं. टपरी चालली तर त्यांची, सडा उजाड झाला तर तोही त्यांचाच. मी नाव लिहिलं तेव्हा मला काय भोगावं लागलं? काहीच नाही. उलट ‘प्रत्यक्ष जागेवर काढलेलं’ म्हणून चित्राचा भाव वाढला. फायदा माझा आणि किंमत दुसऱ्यानं मोजायची, हा व्यवहार चुकीचा आहे. लोकांना बोलवायचा हक्क असलाच, तर तो गावाचा. उद्या गावानं ठरवून पाटी लावली, तर मीही आनंदानं नाव लिहीन. तोवर ते नाव खर्च करायला माझं नाही.

म्हणून चौथ्या रकान्यात मी सगळीकडे ‘सह्याद्री’ एवढंच लिहिलंय. हे खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही, आणि तेवढं मला खुपत राहणार आहे. प्रदर्शनात कुणीतरी चित्रासमोर उभं राहून मनापासून विचारेल, “हे कुठलं हो?” शीटमध्ये नाव गाळणं सोपं होतं. त्या माणसाच्या तोंडावर ‘सांगणार नाही’ म्हणणं मला जमेल का, हे अठरा दिवसांनी कळेल.