म्हाताऱ्या कुत्र्याच्या माथी मारलेला सूड

दहा-बारा वर्षे घरात गुण्यागोविंदाने राहिलेले कुत्रे एके दिवशी दार ओरबाडू लागते. गादी फाडते, खिडकीची चौकट कुरतडते, दिवाणखान्यात लघवी करते. आणि हे सारे घर रिकामे असतानाच. संध्याकाळी परतलेली माणसे कारण शोधायला थांबत नाहीत. एकटे ठेवले म्हणून याने सूड उगवला, असा निकाल उंबऱ्यातच लागतो. मग दटावणी, पट्ट्याचा मार, लघवीत नाक घासणे आणि दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत आखूड दोरी. शिक्षेची ही सारी मालिका एका समजुतीवर उभी आहे. ती समजूत खरी आहे काय, हे शिकल्यासवरल्या माणसांनी तपासायला नको?

समजुतीच्या बाजूने दोन पुरावे दिले जातात. पहिला असा, की आम्ही घरात असताना ते असे काही करीत नाही. म्हणजे त्याला बरेवाईट कळते आणि ते संधी साधते. अंधाराला घाबरणारे मूल दिवा लावल्यावर रडत नाही. त्यावरून ते अंधारात मुद्दाम रडते असे आपण म्हणत नाही. एकटेपणा हेच भीतीचे कारण असेल, तर भीतीची लक्षणे एकटेपणातच दिसणार. जी गोष्ट कारणाकडे बोट दाखवते, तीच आपण गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरतो.

दुसरा पुरावा चेहऱ्याचा. कान पाडून, शेपूट पायांत घालून, नजर चुकवून ते कोपऱ्यात बसते. म्हणजे त्याला अपराध कबूल आहे. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने खाऊ समोर ठेवून ‘खायचे नाही’ असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. परतल्यावर कुत्र्याने आज्ञा पाळली की मोडली हे त्याला सांगितले जाई, पण काही वेळा मुद्दाम खोटे. तो ‘अपराधी’ चेहरा आज्ञा मोडण्याशी जुळला नाही. मालकाच्या रागावण्याशी जुळला. ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरीही बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो अधिकच ठळक होता. आपण ज्याला कबुली समजतो, ती आपल्याच चढलेल्या आवाजाची भीती आहे.

सूड घ्यायचा तर सकाळचा अन्याय लक्षात ठेवावा लागतो, मालकाला कशाची किंमत आहे हे ओळखावे लागते आणि संध्याकाळी त्याला काय वाटेल याचा अंदाज बांधावा लागतो. कुत्र्याच्या मनात असा हिशेब चालतो, याला आधार नाही. आधार आहे तो घाबरण्याला. नुकसान कुठे झाले आहे ते नीट पाहा. घबराटीतले कुत्रे बहुधा बाहेर पडायच्या वाटेवर तुटून पडते: दाराची खालची कड, कडीजवळचे लाकूड, खिडकीची जाळी. कधी नखे तुटतात, हिरड्यांतून रक्त येते, जमिनीवर लाळेचे थारोळे असते आणि भांड्यातले आवडते खाणे जसेच्या तसे पडलेले असते. स्वतःचे दात मोडून कोणी सूड घेत नाही. कंटाळलेल्या कुत्र्याचा पसारा वेगळा: चपला, कचऱ्याचा डबा, उश्या, आणि खाणे मात्र फस्त. फरक ओळखायचा असेल तर जुना मोबाइल कॅमेरा चालू करून घरात ठेवावा. घबराट असेल तर ती बहुतेक वेळा माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच दिसते.

कुत्रे वयस्कर असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण उतारवयात अचानक बदललेले वागणे हे आधी आजाराचे लक्षण मानायला हवे. संधिवाताने उठता-बसता कळा येतात. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. मूत्रपिंडे थकली किंवा मधुमेह झाला की तहान वाढते आणि आठ-नऊ तास लघवी धरवत नाही. नजर आणि कान मंदावले की ओळखीचे घरही परके वाटू लागते. मेंदूचे म्हणावे तर माणसातल्या स्मृतिभ्रंशासारखाच विकार कुत्र्यांत होतो: रात्र-दिवसाचा गोंधळ, कोपऱ्यात अडकून उभे राहणे, सवयी विसरणे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत अशा ऱ्हासाचे किमान एक लक्षण आढळले. मुंबईत पशुवैद्यकाचे शिक्षण १८८६ पासून दिले जाते. तरीही अनेक घरांत पशुवैद्य आठवतो तो फक्त लसीच्या तारखेला, आणि म्हातारपणच्या दुखण्यावर इलाज पट्ट्याने होतो.

शिवाय कुत्रे बदलले म्हणताना घर किती बदलले हे आपण मोजत नाही. ते पिल्लू होते तेव्हा आजी दिवसभर घरात असे, मुले दुपारी शाळेतून येत. आजी गेली, मुले शिकायला परगावी गेली, घरून चालणारे काम पुन्हा कार्यालयात गेले. ज्या प्राण्याला दहा वर्षांत एकटे राहण्याची वेळच आली नाही, त्याला उतारवयात रोज दहा तासांचे बंद घर मिळाले. हा बदल आपण केला. त्याला विचारून केला नाही हे ठीकच आहे, पण त्याला तयार करूनही केला नाही.

या क्रौर्याला अंधश्रद्धेचाही टेकू आहे. कुत्रे रडले की कोणीतरी जाणार, ही समजूत अजून सुशिक्षित सोसायट्यांत जिवंत आहे. बंद दारामागून घाबरलेले म्हातारे कुत्रे विव्हळते, तेव्हा शेजारचे घर अपशकुनाने अस्वस्थ होते आणि ‘त्याला आधी गप्प करा’ असा निरोप येतो. त्या जिवाला काय होते आहे, असा निरोप क्वचित येतो. याच वस्तीत शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी काळ्या कुत्र्याला शोधून तेल लावलेली पोळी घातली जाते. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना हात जोडले जातात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा कीर्तनात ऐकून डोळे पाणावतात. मग घरी येऊन फाटलेल्या गादीसाठी पट्टा काढणाऱ्या हाताचा त्या भक्तीशी संबंध काय? स्वतःचे ग्रह सुधारण्यासाठी दिलेली पोळी हा सौदा आहे. त्याला भूतदया म्हणू नये.

यावर काही आक्षेप येतात. मार दिल्याशिवाय वळण लागत नाही, हा सर्वांत जुना. सकाळी झालेल्या गोष्टीची शिक्षा संध्याकाळी मिळाली, तर कुत्रे तिची सांगड मालकाच्या परतण्याशी घालते. एकटेपणाच्या भीतीत आता त्याच्या येण्याची भीती मिसळते आणि नुकसान वाढते. माणसांना औषध मिळत नाही तिथे कुत्र्याचे लाड कशाला, हा दुसरा. माणसांची उपेक्षा हा अन्यायच आहे. पण कुत्र्याला मारल्याने एकाही माणसाला औषध मिळत नाही. ज्या जिवाला आपणच घरात आणले आणि आपल्यावाचून जगता येणार नाही असे केले, त्याची जबाबदारी दुसरीकडचे दुःख दाखवून टळत नाही. तिसरा आक्षेप शेजाऱ्यांचा, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप मिळालीच पाहिजे. म्हणून तर इलाज हवा.

इलाजाची सुरुवात तपासणीने: रक्त, लघवी, सांधे, दात, डोळे, कान. दुखणे सापडले तर आधी ते. घरातली आयबुप्रोफेनसारखी गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकते. पुढचे काम सरावाचे, आणि तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो. किल्ल्यांचा आवाज झाला, बूट चढले की घबराट सुरू होते; म्हणून दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलाव्यात आणि पुन्हा खाली ठेवाव्यात, बूट घालून खुर्चीत बसावे, म्हणजे त्या खुणांचा धाक उतरतो. मग दाराबाहेर काही सेकंद. शांत राहिले तर थोडे अधिक. ते घाबरण्याच्या आत परत यायचे, हा या सरावाचा कणा आहे. एकदा जरी ते पूर्ण घाबरेपर्यंत बाहेर राहिलो तर कमावलेले बरेचसे हातचे जाते. त्यामुळे सराव चालू असेतो त्याला शक्यतो एकटे ठेवूच नये: नातेवाईक, शेजारच्या निवृत्त काकू, पगार देऊन ठेवलेला माणूस, आळीपाळीने घेतलेली रजा. पिंजऱ्यात कोंडले तर घाबरलेले कुत्रे पिंजऱ्यावर दात मोडते. सोबतीला दुसरे कुत्रे आणूनही बहुधा भागत नाही. त्याला माणूस हवा असतो. भीती फार असेल तर फ्लुऑक्सेटीन, क्लोमिप्रामीन यांसारखी औषधे पशुवैद्याच्या सल्ल्याने देता येतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सरावाची जागा ती घेत नाहीत.

एवढे करायचे नसलेले लोक म्हातारे कुत्रे गाडीत घालून दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मारहाण, अवाजवी आखूड दोरी आणि उपाशी मरण्याच्या स्थितीत सोडून देणे हे तिन्ही गुन्हे ठरवले आहेत. असा गुन्हा पहिल्यांदा केला तर दंड आहे १० ते ५० रुपये. कायदा इतका दुबळा असताना नागरिकाच्या विवेकावरच सारी मदार राहते. राज्यघटनेच्या ५१-क कलमात सजीवांबद्दलची करुणा आणि विज्ञाननिष्ठ दृष्टी ही दोन कर्तव्ये लागोपाठच्या उपकलमांत आहेत. या प्रश्नात ती वेगळी काढताच येत नाहीत: कारण न समजता केलेली दया म्हणजे फार तर शनिवारची पोळी, आणि कारण समजूनही उगारलेला पट्टा ही उघड क्रूरता.

मेंदूचा ऱ्हास सुरू झाला असेल तर तो पूर्ण बरा होत नाही, हे घरातल्यांनी आधीच मान्य करावे. मग एकत्र बसून ठरवावे: दुपारी कोण थांबणार, औषधांचा खर्च कोणी उचलायचा, फरशीवर चटया कुठे टाकायच्या. हे काम न बोलता घरातल्या बाईच्या माथी जाऊ देऊ नये. आणि यातना आवाक्याबाहेर गेल्या, तर त्याला शांतपणे जाऊ द्यायचे की नाही हे पशुवैद्याला सोबत घेऊन त्या यातनांकडे पाहून ठरवावे. सोफ्याची किंमत त्या विचारात येता कामा नये.