हात न पोचणारी जागा

आम्ही पेशाने शिक्षक. पिंपरी-चिंचवड भागातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. यंत्राशी आमचा संबंध इतकाच की, आमच्या वर्गातील बहुतेक मुलांचे वडील यंत्रावर काम करतात. कुणी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, कुणी चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर, तर कुणी भंगारातील लोखंड निवडण्याचे काम करतो. १९९८ साली बाजारात आलेली टाटांची इंडिका याच भूमीवर तयार झाली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. अशा गावात राहून आम्ही स्वतःच्या गाडीचे बॉनेट कधी धड उघडून पाहिले नव्हते. तो योग २०२५ च्या उन्हाळी सुटीत आला, आणि त्यातूनच या लेखाचा विषय निघाला.

आमच्याकडे एक जुनी, लहान गाडी आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. त्या गाडीचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या भिंतीला चिकटून बसवलेला आहे. वरून पाहिले तर दिसत नाही, खालून पाहिले तर अर्धा दिसतो. पूर्वी कुदळवाडीतील एक म्हातारे मिस्त्री गाडीचे काम करीत. सगळे त्यांना चाचा म्हणत. एकदा आम्ही त्यांना विचारले की, ऑइल बदलायला एवढा वेळ का लागतो? ते म्हणाले, "सर, फिल्टर दिखता नहीं, टटोलके बदलना पडता." पुढे चाचा आजारी पडून गावी गेले. त्यांची शेड ज्या भागात होती, तेथील भंगाराची दुकाने आणि शेड फेब्रुवारी २०२५ च्या पाडापाडीत गेल्या. चाचा गेल्यावर दोन वर्षे आम्ही एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी देत होतो. बिल छापील मिळे. त्यात ऑइल वेगळे, फिल्टर वेगळा, मजुरी वेगळी.

सुटीत मेहुणे आले. ते एका कारखान्यात फिटर आहेत. म्हणाले, "भाईजान, एवढ्या कामाला गॅरेज कशाला? घरीच करू." गाडी जॅकवर उचलली, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचे नाही म्हणून त्यांनी लोखंडी स्टँड लावले. चेंबरचा नट सोडल्यावर तीन लिटरच्या आसपास काळे ऑइल घमेल्यात उतरले. मग फिल्टर. आमचा हात बारीक म्हणून ते काम आमच्याकडे आले. डोळ्यांना काही दिसत नव्हते, बोटांनीच शोधायचे होते. पट्ट्याचा पाना घसरत होता, मनगट पत्र्याला घासून सोलले. पाऊण तासाने फिल्टर फिरला आणि ऑइल कोपरापर्यंत ओघळले.

फिल्टर बाहेर आला तेव्हा मेहुणे नवा फिल्टर उघडत होते. आम्ही जुना फडक्याने पुसला आणि पाहतच राहिलो. त्यावर पांढऱ्या रंगाने तारीख लिहिलेली होती, उर्दू आकड्यांत. ऑगस्ट २०२२. चाचांची ती सवय होती. मदरशात शिकलेले असल्याने ते हिशेब उर्दू आकड्यांतच लिहीत. म्हणजे २०२३ आणि २०२४ मध्ये ज्या फिल्टरचे पैसे आम्ही मोजले, तो बदललाच गेला नव्हता. ऑइल तेवढे बदलले होते, कारण ते पट्टीवर दिसते.

मेहुण्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही. फिल्टरमध्ये एक छोटा वाल्व असतो. आतला कागद कचऱ्याने तुंबला की तो वाल्व उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. असे केले नाही तर इंजिनाला ऑइल मिळणार नाही आणि ते जागीच जाम होईल. पण याचा अर्थ असा की, तुंबलेला फिल्टर गाडी थांबवत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. बारीक कचरा बेअरिंगपर्यंत पोचत राहतो आणि इंजिन हळूहळू झिजते. माणसाच्या मनाचेही असेच होत असावे. सद्सद्विवेक तुंबला म्हणून रोजचे व्यवहार काही बंद पडत नाहीत.

पहिला विचार रागाचा होता. आम्ही जुना फिल्टर पिशवीत घालून गॅरेजवर गेलो. मालकाने बिल पाहिले, फिल्टर पाहिला आणि पैसे परत देऊ केले. मग विचारले, "कोणत्या पोराने केले होते सांगा, आजच काढून टाकतो." आत सतरा-अठरा वर्षांची मुले काम करीत होती. आमच्या शाळेतून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांच्या वयाची. आम्ही म्हणालो, पोराला काढू नका. या गाडीच्या फिल्टरला पाऊण तास लागतो, तेवढा वेळ त्याला द्या. मालक हसले. "सर, तेवढी मजुरी गिऱ्हाईक देते का?" आम्हाला आठवले की, मजुरीवरून घासाघीस आम्हीच केली होती.

मग दोष कुणाचा? ज्याने इंजिन आखले त्याने दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताचा विचार केला नाही. मालकाने वेळ दिला नाही. आम्ही पैसे कमी केले. पोराने फिल्टर बदलला नाही. दोष असा वाटून घेतला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. आम्हाला हा हिशेब मान्य नाही. दोष वाटला म्हणून कमी होत नाही. घासाघीस करण्याचा दोष पूर्णपणे आमचा आणि न केलेल्या कामाचे पैसे घेण्याचा दोष पूर्णपणे गॅरेजचा. मापात खोट करणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये जी कडक ताकीद आहे, ती केवळ तराजूपुरती आहे असे आम्हाला वाटत नाही.

एवढे लिहून थांबता आले असते. पण त्या रात्री आमच्यासमोर वह्यांचा गठ्ठा आला. म्हणजे प्रत्यक्षात नव्हे, सुटी होती, आठवणीत आला. एका वर्गात साठ मुले. मुख्याध्यापकांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही साठ वह्यांवर लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या होत्या, तारीख घातली होती, सही केली होती. वाचल्या किती? पहिल्या पाच-सहा. पुढे एका मुलीने वही आणून दाखवली. भागाकार पूर्ण चुकलेला, आणि त्यावर आमची खूण. तिने भोळेपणाने विचारले, "सर, हे बरोबर आहे ना?" तिने आमच्या खुणेवर भरवसा ठेवून तीच चूक परीक्षेत केली होती. आमच्या बिलावरही फिल्टर लिहिलेला होता. आतला मात्र जुनाच होता.

कारखान्यात या दुखण्यावर उपाय शोधलेला आहे. मेहुणे सांगतात की त्यांच्या लाइनवर बोल्ट किती आवळला याची नोंद यंत्रच ठेवते. आवळला नाही तर गाडी पुढे सरकत नाही. तेथे माणसाच्या नीयतीवर काही सोडलेले नाही, आणि ते योग्यच आहे. पण गल्लीतले गॅरेज, वर्गातल्या वह्या, दवाखान्यातली सुई, घरात म्हाताऱ्या आईचे औषध, या सगळ्यांवर नोंद ठेवणारे यंत्र कोण बसवणार? जेथे पाहणाऱ्याची नजर पोचत नाही, तेथील काम ही अमानत असते.

येथे आमच्याकडे एक उत्तर तयार असते : अल्लाह पाहतो आहे. उत्तर खरे आहे, पण आम्ही ते ज्या पद्धतीने देतो त्यात काही राहून जाते. आम्ही मुलांना अल्लाहची भीती घालतो ती तपासनिसासारखी. उर्दूत 'एहसान' म्हणजे उपकार असा अर्थ रूढ आहे. मूळ अरबीत मात्र त्याचा अर्थ काम सुंदर, उत्तम करणे. हदीसमध्ये त्याच्या दोन पायऱ्या आल्या आहेत. इबादत अशी करावी की जणू आपण त्याला पाहतो आहोत. ते साधत नसेल तर निदान तो आपल्याला पाहतो आहे याचे भान ठेवावे. आम्ही दुसरी पायरी पाठ केली आणि पहिली विसरलो. कोणी पाहते आहे म्हणून केलेले काम ही तपासणीच्या आदल्या दिवसाची खूण. ज्याच्यासाठी काम करतो त्याला आपण पाहणे, हे त्याहून वरचे. चाचांना अंधारात हात घालताना बहुधा आमची रात्रीची घाटातली गाडी दिसत असावी, मागच्या सीटवर झोपलेली मुले दिसत असावीत. आम्हाला ती वही तपासताना ती मुलगी दिसली नाही, फक्त मुख्याध्यापक दिसले.

राहिले ते घमेल्यातले काळे ऑइल. मेहुणे निघून गेले होते. घरासमोरच गटार आहे. ते नाल्याला मिळते, नाला नदीला. आमच्याकडे पवना आणि इंद्रायणी दोन्ही आहेत; एकीचे पाणी आम्ही पितो, दुसरीच्या काठी देहू आणि आळंदी आहे. संध्याकाळ झाली होती, गल्लीत कोणी नव्हते. खोटे कशाला सांगा, घमेले उचलून आम्ही गटारापर्यंत गेलो होतो. मग परत आलो, ऑइल रिकाम्या डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी जेथे जुन्या ऑइलचे पिंप ठेवतात अशा ठिकाणी नेऊन दिले. त्याने नदी स्वच्छ झाली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ताजे ऑइल लावून तो हातानेच आवळला. गाडी सुरू केली, दिवा विझला, गळती नाही. बसवण्याआधी आम्ही त्यावर पांढऱ्या रंगाने तारीख लिहिली, उर्दू आकड्यांत. जूनमध्ये शाळा सुरू झाली. आता आम्ही रोज दहाच वह्या तपासतो, पण वाचून. मुख्याध्यापकांनी विचारले, बाकीच्यांवर सही का नाही? आम्ही म्हणालो, त्या अजून वाचलेल्या नाहीत.