टॉपर उतरवण्याआधी



फोटो पोचला. साडेसहा फुटी हौद्याचा पिकअप, त्यावर फायबरग्लासचा टॉपर, म्हणजे हौद्याचं छप्पर, आणि खाली तुझा प्रश्न: गॅरेजच्या छताला चार हुक मारून तो उन्हाळाभर वर टांगला तर चालेल का? मी जन्मभर इमारतींचे सांगाडे तपासले म्हणून विचारतोस, तर सरळ उत्तर देते. चार हुकांवर चालणार नाही. आणि टांगायलाच हवा का, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे.

टॉपरचं वजन फार नाही. तुझ्यासारखा फायबरग्लासचा टॉपर साधारण दीडशे ते अडीचशे पौंड भरतो. (हौद्यात आख्खा सरकवायचा कॅम्पर, ज्यात पलंग आणि शेगडी असते, तो हजार पौंडांच्या पुढे जातो. त्याला चार कोपऱ्यांना स्वतःचे जॅक असतात. त्याचे व्हिडिओ बघून तू टॉपर काढू नकोस.) दोनशे पौंड चौघांत वाटले की माणशी पन्नास. घरातला फ्रीज हलवणाऱ्याला ते जड नाही. अडचण अशी की ते वजन छातीच्या उंचीवर उचलायचं, दोन्ही बाजूंना काचा, आणि मधे आख्खा ट्रक उभा. माणसं उचलतात बरोबर; मग हातात ओझं घेऊन एकमेकांना विचारतात, "आता ठेवायचा कुठे?" कंबर तिथे जाते. म्हणून ठेवायची जागा आधी तयार हवी, क्लँपला हात त्यानंतर.

हौद्याच्या काठावर टॉपर बहुधा चार ते आठ सी-क्लँपनी धरलेला असतो. तू जुना घेतला आहेस, तेव्हा आत टॉर्च घेऊन बघ. कोणी काठाला भोकं पाडून बोल्ट मारले असतील तर तेही काढावे लागतील. मग वायर. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलपासून पिकअपला तिसरा, वरचा ब्रेक-लाइट सक्तीचा झाला. टॉपर बसला की केबिनवरचा तो दिवा झाकला जातो, म्हणून टॉपरला मागे स्वतःचा दिवा देतात. त्याची वायर बहुधा पुढच्या कोपऱ्यातून खाली गेलेली असते. ती सोडवायला विसरणारे पुष्कळ. ट्रक पुढे गेला की वायर मुळासकट उपटते. ट्रककडच्या टोकाला टेप गुंडाळ, आणि टॉपर उतरल्यावर कोणाला तरी मागे उभं करून केबिनचा दिवा लागतो ना ते बघ.

क्लँप निघाले तरी टॉपर हलणार नाही. काठाखालची फोमची पट्टी वर्षानुवर्षं दबून चिकटून बसते. तिथे पहार घालून उचकटायचं नाही, फायबरग्लास तडकतं. पुट्टी लावायची पातळ पट्टी सरकवत चारही बाजूंनी सुटा कर. थंडीत फोमची पट्टी दगडासारखी होते, तेव्हा हे काम ऊन असलेल्या दिवशी काढ. वारा असेल तर काढूच नकोस.

उचलताना टॉपर घेऊन माणसांनी चालायचं नाही. मागची फळी खाली पाडायची, चौघांनी चार कोपरे धरून चार-पाच इंच वर घ्यायचं, आणि पाचव्याने ट्रक मुंगीच्या गतीने पुढे काढायचा. टॉपर जागच्या जागी राहतो. मग बाजूला आधीच तयार ठेवलेले सुतारी घोडे खाली सरकवून त्यांच्यावर, टू-बाय-फोरच्या दोन लांब लाकडांवर तो उतरवायचा. आधार लांब काठांखाली सलग यायला हवा. फक्त चार कोपऱ्यांवर ठेवलास तर महिन्याभरात काठ मधे वाकतील आणि पुन्हा बसवताना पाणी गळेल. उलटा ठेवायचा नाही, कुशीवर उभा तर मुळीच नाही. पाच माणसं कुठून आणू म्हणशील. तुमच्या मराठी मंडळात गणपतीचं मखर दर वर्षी गॅरेजमधून काढणारी आणि परत रचणारी मंडळी असतीलच, त्यांना बोलव आणि पोहे-चहा चोख ठेव.

आता छत. तिकडच्या घरांच्या गॅरेजवर बहुतेक लाकडी ट्रस असतात, दोन-दोन फुटांवर एक. खालची आडवी पट्टी जिप्समचं छत धरायला आणि सांगाडा ताणून ठेवायला असते. मधेच एका बिंदूवर ओझं लटकवायचा हिशेब त्यात नसतो. टॉपर वर ओढायच्या हॉईस्टच्या खोक्यावर ४४० पौंड छापलेले दिसतील. ती त्या यंत्राची ताकद आहे, तुझ्या छताची नव्हे. करायचंच असेल तर ट्रसच्या वरून आडवा दांडा टाकून भार चार-पाच ट्रसवर वाटावा लागतो, आणि तोही तिथल्या इंजिनिअरने बघून दिल्यावर. ट्रसला खाच पाडायची नाही.

टॉपर ज्यांवर टांगायचा त्या पट्ट्यांचंही सांगते, कारण इथे शिकलेली माणसं फसतात. दोन पट्टे उभे असतील तर प्रत्येकावर निम्मं वजन येतं. तेच पट्टे फाकवून आडव्या रेषेशी ३० अंशांवर आणलेस तर प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका ताण येतो, शिवाय टॉपरच्या भिंती आत दाबल्या जातात. म्हणून खालून दोन दांडे घालायचे आणि पट्टे सरळ उभे ठेवायचे. वर गेल्यावर भार हॉईस्टच्या दोरीवर सोडायचा नाही, वेगळ्या साखळ्यांवर द्यायचा. लोंबकळत असताना खाली कोणी जायचं नाही. मांजरसुद्धा.

एवढं करून जागा किती वाचते? आठ फुटी छत म्हणजे ९६ इंच. टॉपरचे २४, दोऱ्या-कप्प्यांचे १०, खाली उरले ६२. तुझा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ७५ इंचांच्या वर असणार. तो खाली मावणार नाही, तुझ्या बायकोची सेडान तेवढी मावेल. त्यात गॅरेजचं दार उघडलं की तेच छताखाली सात फूट आत येऊन पडतं. हे दार बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

माझं मत विचारशील तर चाकांची लाकडी चौकट कर. चार चाकं ब्रेकवाली घे, टॉपर तिच्यावर ठेव आणि भिंतीशी ढकल. टांगण्याची यातायात महिन्या-महिन्याला काढ-घाल करणाऱ्याला परवडते. तू वर्षातून एकदा बागेसाठी माती आणणार आणि एकदा सोफा.

बाहेर अंगणात ठेवायचा विचार तू लिहिला आहेस, तो सोडून दे. तुमच्या फोर्ट कॉलिन्सला उन्हाळ्यात गारा पडतात, टॉपरला तीन बाजूंना काचा आहेत. हिवाळ्यात रॉकी पर्वतावरून उतरणारा वारा तर वेगळंच प्रकरण. डिसेंबर २०२१ मध्ये बोल्डरजवळ ताशी १०० मैलांपलीकडचे झोत नोंदले गेले. रिकामा टॉपर त्या वाऱ्यात शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. शिवाय तुमच्या सोसायटीच्या नियमावलीत अशा वस्तू बाहेर ठेवायला मनाई आहे का तेही वाच. नाइलाजाने ठेवलासच तर जमिनीत खुंट गाडून पट्ट्यांनी जखड. निळी ताडपत्री नको, ती फडफडून रंग घासते आणि आत ओल धरते.

क्लँप एका पिशवीत घालून टॉपरच्या आतच बांधून ठेव. दार बंद ठेव, नाहीतर उंदीर संसार थाटतील.

हॉईस्टची ऑर्डर दिली असशील तर आधी थांबव. गॅरेजचं दार पूर्ण उघड, जमिनीपासून त्याच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत टेप लाव, आणि ते माप मला रविवारी फोनवर सांग.

तुझी,
मावशी